श्रद्धेशी झुंजणारा साहित्यिक : मिगेल दे उनामुनो

१९५७ साली रोमने निषिद्ध ग्रंथांच्या यादीत दोन स्पॅनिश पुस्तकांची भर घातली. एकाचे नाव 'जीवनाची शोकात्म जाणीव', दुसऱ्याचे 'ख्रिस्ती धर्माची झुंज'. दोन्हींचा लेखक एकच, मिगेल दे उनामुनो. तो वीस वर्षांपूर्वीच मरण पावला होता. पुढे अवघ्या नऊ वर्षांनी, १९६६ साली, ख्रिस्तसभेने ती यादीच रद्द केली. बंदी आली आणि गेली. परंतु ज्या प्रश्नामुळे ती आली, तो प्रश्न मात्र प्रत्येक धर्मग्रामात आजही जिवंत आहे. ज्याला विश्वास ठेवावासा वाटतो पण ठेवता येत नाही, अशा माणसाचे आपण काय करावे?

उनामुनो यांचा जन्म २९ सप्टेंबर १८६४ रोजी स्पेनच्या बास्क प्रांतातील बिल्बाओ या बंदराच्या शहरी झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. नऊ वर्षांचे असताना, १८७४ साली, यादवी युद्धात त्यांच्या शहराला वेढा पडला आणि तोफगोळे घरांवर कोसळताना त्यांनी पाहिले. या अनुभवावर पुढे त्यांनी 'युद्धातील शांती' ही पहिली कादंबरी लिहिली. किशोरवयात ते अतिशय भाविक होते; संत अलॉयसियस गोन्झागा यांच्या नावाने चालणाऱ्या मुलांच्या मंडळाचे ते सभासद होते. १८८० साली ते माद्रिद विद्यापीठात गेले. तेथे आपला धर्म बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्या घर्षणात धर्मच हातातून निसटला. त्यांनी मिस्साला जाणे सोडले. १८९१ साली बालमैत्रीण कोंचा हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी सालामांकाच्या प्राचीन विद्यापीठात ते ग्रीक भाषेचे प्राध्यापक झाले. १९०० साली ते त्या विद्यापीठाचे प्रमुख झाले.

या यशाच्या आड एक जखम होती. १८९६ साली जन्मलेला त्यांचा मुलगा रायमुंदो मेंदूज्वराने आजारी पडला. बाळाचे डोके वाढत गेले, बुद्धी मात्र वाढली नाही. १९०२ साली ते मूल दगावले. त्या आजारपणाच्या दिवसांत, १८९७ च्या मार्च महिन्यातील एका रात्री, मृत्यूच्या आणि शून्याच्या भयाने उनामुनो अनावर रडू लागले. पत्नीने त्यांना कवेत घेतले आणि आई मुलाला हाक मारते तशी हाक मारली. दुसऱ्या दिवशी ते सालामांकातील डॉमिनिकन मठात गेले आणि काही दिवस प्रार्थनेत राहिले. बालपणीची श्रद्धा परत आली नाही. पण तिची तहान त्यांना जन्मभर सोडून गेली नाही.

त्यांचे पुढचे सारे लेखन या तहानेतून आले. डेन्मार्कच्या कीर्केगार्द यांना ते आपला बंधू मानीत. त्यांचे ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून ते डॅनिश भाषा शिकले. १९१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या 'जीवनाची शोकात्म जाणीव' या ग्रंथात त्यांनी मांडले की तत्त्वज्ञानाचा खरा विषय हाडामांसाचा माणूस आहे. त्या माणसाला मरायचे नाही. बुद्धी म्हणते, सर्व काही येथेच संपते. हृदय म्हणते, तसे होता कामा नये. दोघांपैकी कोणीच हार मानीत नाही आणि त्या झुंजीतूनच माणसाची आशा जन्मते. 'ख्रिस्ती धर्माची झुंज' हे पुस्तक त्यांनी पॅरिसमध्ये लिहिले. हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेरा याच्यावर टीका केल्यामुळे १९२४ साली त्यांना फुएर्तेव्हेन्तुरा बेटावर हद्दपार करण्यात आले होते आणि तेथून ते फ्रान्सला गेले होते. मूळ शीर्षकातला 'आगोनिया' हा शब्द आज मरणासन्न अवस्थेसाठी वापरला जातो. परंतु त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ झुंज असा आहे. गेथशेमानी बागेतील प्रभू येशूची अवस्था सांगताना संत लूक यांनी हाच शब्द योजला आहे.

ख्रिस्तसभेचा आक्षेप समजण्यास कठीण नाही. मानवी बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात देवाचे अस्तित्व ओळखता येते, असे पहिल्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८७० साली शिकवले होते. उनामुनो यांनी बुद्धी आणि श्रद्धा यांना कायमचे वैरी ठरवले. एखाद्या कोवळ्या मनाने ते पुस्तक शिकवण म्हणून वाचले, तर वाट चुकण्याचा धोका होताच. परंतु एका दुःखी माणसाचा आक्रोश म्हणून वाचले, तर त्यात नास्तिकाचा उपहास कोठेही आढळत नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानातील आजारी मुलाचा बाप येशूपुढे आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच श्वासात मांडतो. स्वतः आजारी मुलाचे बाप असलेल्या उनामुनो यांना तो प्रसंग फार जवळचा होता.

त्यांची सर्वांत हृदयस्पर्शी कृती म्हणजे १९३१ साली प्रसिद्ध झालेली लघुकादंबरी 'हुतात्मा संत मानुएल बुएनो'. आदल्या वर्षी त्यांनी सानाब्रियाचे सरोवर पाहिले होते. त्याच्या काठावर त्यांनी आपले काल्पनिक गाव वसवले. तेथील धर्मगुरू मानुएल गोरगरिबांसाठी झिजतो, मरणाऱ्यांच्या उशाशी बसतो. गाव त्याला संत मानते. पण रविवारी सारा गाव एका आवाजात विश्वासांगीकार म्हणू लागला की देहाच्या पुनरुत्थानापाशी आणि सार्वकालिक जीवनापाशी त्याचा आवाज थांबतो. लोकांच्या आवाजात ते कुणाला कळत नाही. या धर्मगुरूचा मृत्यूनंतरच्या जीवनावर विश्वास नाही. अमेरिकेहून परतलेल्या लाझारो या सुधारक तरुणालाच तो हे गुपित सांगतो. लोकांना सत्य सांगितले तर ते जगू शकणार नाहीत, म्हणून त्यांना त्यांच्या स्वप्नात सुखी राहू द्यावे, असे त्याचे म्हणणे. लाझारो शेतकऱ्यांचा संघ काढावा असे सुचवतो, तर मानुएल त्यालाही नकार देतो.

एक धर्मगुरू म्हणून ही कथा वाचताना मानुएलच्या प्रेमापुढे मान झुकते, परंतु त्याचा निर्णय पटत नाही. त्याने आपल्या लोकांना लेकरे मानले, भावंडे मानले नाही. श्रद्धा हे त्याच्या हाती गुंगीचे औषध झाले. आणि सर्वांत मोठे दुःख हे की, आपले ओझे कुणी वाटून घेईल असे त्याला कधी वाटलेच नाही.

ज्या काळात उनामुनो सालामांकात रडत होते, त्याच काळात फ्रान्समधील लिझ्यच्या कार्मेल मठात एक तरुण भगिनी अशाच अंधारात होती. १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत संत तेरेजा हिला स्वर्गाचा विचारच झुंजीचे कारण झाला होता. परंतु तिने तो अंधार लपवला नाही. आपल्या मठप्रमुख भगिनीसाठी तो लिहून ठेवला आणि अश्रद्ध माणसांना आपले बंधू मानून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. १९९७ साली तिला ख्रिस्तसभेची आचार्या घोषित करण्यात आले. मानुएल आणि तेरेजा यांचा अंधार कदाचित सारखाच असेल. एकाने तो एकट्याने गिळला, दुसरीने तो ख्रिस्तसभेच्या ओटीत घातला.

उनामुनो यांचा शेवटही एकाकीच झाला. १९३६ च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये लष्करी उठाव झाला, तेव्हा प्रथम त्यांनी त्याला पाठिंबा दिला. पण लवकरच ओळखीची माणसे तुरुंगात जाऊ लागली, मारली जाऊ लागली. १२ ऑक्टोबर रोजी विद्यापीठाच्या समारंभात ते उठाववाल्यांसमोर बोलले. त्या भाषणाचे जे शब्द जगभर प्रसिद्ध झाले, ते पुढे दुसऱ्याने रचलेले होते. परंतु जिंकणे आणि पटवणे यांतील भेद त्यांनी स्वहस्ते टिपला होता. ज्या कागदावर ते टिपण आहे, ते तुरुंगातील प्रोटेस्टंट पाळक आतिलानो कोको यांच्या पत्नीने मदतीसाठी त्यांना लिहिलेले पत्र होते. कोको यांना डिसेंबरमध्ये ठार मारण्यात आले. उनामुनो यांचे पद काढून घेण्यात आले, घरावर पहारा बसला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९३६ रोजी, त्यांचे निधन झाले.

जिंकणे वेगळे आणि पटवणे वेगळे, हे श्रद्धेच्या बाबतीतही खरे आहे. नास्तिकतेच्या वाढीला श्रद्धावंतांचे वागणेही काही अंशी कारणीभूत असते, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट म्हटले. शिकलेला मुलगा मिस्साला येईनासा झाला की घरात आरडाओरडा होतो आणि शेजारी कुजबुज. त्याला नेमके काय छळते आहे, हे विचारायला फार थोडे जण थांबतात.

मानुएलच्या गावातील तो विश्वासांगीकार मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. एकाचा आवाज खुंटतो, पण प्रार्थना थांबत नाही. शेजारी उभे असलेले लोक ती पुढे नेतात. आपण रविवारी एकत्र उभे राहून तो विश्वासांगीकार म्हणतो, त्याचे एक कारण हेही आहे. ज्याच्या ओठांवर आज एखादे वाक्य अडते, त्याच्यासाठी ते आपण म्हणावे, आणि ते अडते हे आपल्यापाशी बोलून दाखवण्याइतका विश्वास त्याला आपल्याबद्दल वाटावा. मानुएलला तेवढे लाभले असते, तर त्याच्या कथेचा शेवट उनामुनो यांना निराळा लिहावा लागला असता.