उंची बदलणाऱ्या गाडीची पुढची चाकं

लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत गाडी जमिनीलगत उतरवण्याची रीत रुजली. पैसा बेताचा असे. जुनी शेव्हरोले घ्यायची आणि डिकीत वाळूची पोती भरायची, नाहीतर स्प्रिंगच्या कड्या कापायच्या किंवा तापवून दाबायच्या. या गाड्या आणि त्या चालवणारी माणसं, दोघांनाही पुढे लोरायडर म्हणू लागले. त्यांचा इतिहास बहुधा रंगातून सांगितला जातो. जेसी व्हॅलाडेझ यांची ‘जिप्सी रोझ’ ही गुलाबांनी मढवलेली 1964ची शेव्हरोले इम्पाला 2017 साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली गेली, तेव्हा लोकांनी पाहिले ते गुलाबच. तो मान रास्त होता. पण या परंपरेवर कायद्याने काय परिणाम केला हे समजून घ्यायचं तर बॉनेटवरून नजर काढून पुढच्या चाकांकडे न्यावी लागते. टायर कुठे झिजतो, कसा आवाज करतो, अलाइनमेंट कोणत्या उंचीला धरलेली असते, यात तो परिणाम जास्त स्पष्ट दिसतो.

1950च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात एक कलम आलं, पुढे 24008 या क्रमांकाने ओळखलं गेलेलं. फेरफार केलेल्या गाडीचा चाकांखेरीज कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये, एवढंच ते सांगत होतं. त्यामागे तर्क होता हे मान्य करायला हवं. टायर पंक्चर झाला तर गाडी रिमवर बसते, आणि रिमच्या खाली लोंबणारा भाग तेव्हा रस्त्यावर आपटतो. पण पोलिसाला हे कलम वापरायला गाडी चालवून पाहण्याची गरज नव्हती. उभ्या गाडीखाली वाकून पाहिलं की झालं. म्हणून ते तपासणीपेक्षा तरुणांना रस्त्यावर अडवण्यासाठीच जास्त सोयीचं ठरलं. 1959 साली रॉन अगिरे यांनी आपल्या 1957च्या कॉर्व्हेटला, म्हणजे ‘एक्स-सोनिक’ला, विमानांचे जुने हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बसवले. बटण दाबलं की गाडी वर उचलली जाई आणि कलमात बसे. पुन्हा दाबलं की खाली. चालकाच्या हाती गाडीची उंची देण्याची करामत फ्रान्समध्ये सित्रोएनने 1955च्या डीएसमध्ये दाखवली होती. कॅलिफोर्नियात मात्र तिला एक निकड मिळाली, आणि ती निकड कायद्याने पुरवली.

खरा बदल इथे झाला. स्प्रिंग कापलेली गाडी खाली असली तरी तिची उंची एकच असते. त्या उंचीला पुढच्या चाकांचा कल, म्हणजे कॅम्बर, आणि टो, म्हणजे चाकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असणं, नव्याने बसवता येतो. इम्पालाच्या पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्ममागे पत्र्याच्या शिम घालून-काढून मेकॅनिक हे काम करत. हायड्रॉलिक गाडीला अनेक उंच्या असतात, आणि अलाइनमेंट मात्र एकाच उंचीला खरी राहते. इम्पालाच्या मागच्या चाकांचा यात फारसा दोष नाही. ती एका सलग अॅक्सलला जोडलेली असल्याने गाडी वर-खाली झाली तरी सरळ उभी राहतात. पुढे वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब. दोन्ही वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात, म्हणून उंची बदलली की चाकाचा कलही बदलतो. गाडी पूर्ण वर उचलली की आखूड आर्म चाकाचा माथा आत खेचतो. तो सरळ दिसावा म्हणून वेल्डरनी वरचे आर्म इंचभर वाढवायला सुरुवात केली, आणि मग वर सरळ दिसणारं चाक खालच्या उंचीला सरळ उरेना. त्यात स्टिअरिंगचा टाय रॉड त्याच्या स्वतःच्या वर्तुळात फिरतो, त्यामुळे टोही हलतो. टायरचं खरं नुकसान टोमुळे होतं. कॅम्बर टायरची एक बाजू हळूहळू खातो. टो चुकला की टायर पुढे जाताना किंचित आडवा घासत जातो. ट्रेडवर हात फिरवला तर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीच्या दात्यांसारखं लागतं. वेग वाढला की ते दाते ठरावीक अंतराने रस्त्यावर आपटून घुमणारा आवाज काढतात, इतका सारखा की पुष्कळदा बेअरिंगवर संशय घेऊन तेच आधी बदललं जातं.

यावर एक आक्षेप सहज सुचतो: एवढा दोष असता तर लोकांनी हायड्रॉलिक सोडून दिलं असतं. उत्तर वेगात आहे. साधारण ताशी 40-50 किलोमीटरच्या पुढे कारच्या आवाजात टायरचा वाटा इंजिनापेक्षा मोठा होऊ लागतो. लोरायडरचं सुख त्याच्या बऱ्याच खाली होतं, पूर्व लॉस एंजेलिसमधल्या व्हिटियर बुलेव्हार्डवर रविवारच्या संध्याकाळी चालत्या माणसाच्या वेगाने जाण्यात. ज्या वस्त्यांतून 1960च्या दशकापर्यंत एकामागून एक फ्रीवे कापत गेले, घरं पाडत गेले, त्याच वस्त्यांतल्या लोकांनी आपला रस्ता इतका हळू वापरला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या वेगाला झिजलेल्या टायरचा घोष उठतच नव्हता. अरुंद, 13-14 इंची टायरांनीही मदत केली: रस्त्याला टेकणारा पट्टा रुंद नसल्याने कललेल्या चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवरच्या भारात फरक कमी पडे. अर्थात लोरायडर फ्रीवेवरही जात, दूरच्या गावी प्रदर्शनाला नेताना. तेव्हा गाडी प्रवासाच्या ठरलेल्या उंचीला आणून धरायची, आणि शहाणा मेकॅनिक अलाइनमेंटही त्याच उंचीला करायचा. उभ्या गाडीचं रूप एका उंचीला आणि चालत्या गाडीची चाकं दुसऱ्या उंचीला सांभाळणं, ही या धंद्यातली खरी विद्या आहे, आणि तिला तिच्या योग्यतेइतका मान मिळालेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गाडी उड्या मारते, तीन चाकांवर उभी राहते, हे सगळं प्रदर्शनासाठी; मग कायद्याला एवढं श्रेय का द्यावं? उड्या नंतर आल्या, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं अलीकडच्या घडामोडींत सापडतं. 2023 साली कॅलिफोर्नियाने एबी 436 हा कायदा करून शहरांना क्रूझिंगवर, म्हणजे रस्त्यावरच्या अशा संथ फेऱ्यांवर, बंदी घालण्याची मुभा काढून घेतली आणि रिमच्या रेषेचं ते बंधनही हटवलं. 1 जानेवारी 2024पासून तो अमलात आला. आता कुणालाही स्प्रिंग कापून गाडी एकाच खालच्या उंचीला बसवता येते, अलाइनमेंट नीट करून टायर शांत ठेवता येतो. हायड्रॉलिक केवळ पोलिसांना चुकवण्याचं साधन असतं, तर ते इथून पुढे ओसरायला हवं. पण पंप आणि बॅटऱ्या अजून डिकीत बसवल्या जातात, आर्म अजून वाढवले जातात. कायद्याने या यंत्राला जन्माचं कारण दिलं, जगण्याचं कारण माणसांनी स्वतः शोधलं, आणि त्याची किंमत ते पुढच्या टायरांत आजही भरतात.