नऊ दिवसांची बैठक आणि आपली रोजची मीटिंग

"साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या." पुलगाव, देवळी, वर्धा... हे वाक्य ऐकलं नाही असा नाचणगावकर सापडणं कठीण.

पण मित्रांनो, बैठक कशी असावी हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. ६ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणी बसली. मतभेद होते, चर्चा लांबली. पण १४ जुलैला ठराव तयार होता: इंग्रजांनी सत्ता सोडावी. त्याच पायावर ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो'चा ठराव झाला.

गांधीजी कमरेला घड्याळ लावायचे. सोमवारी मौन पाळायचे, फारच गरज पडली तर चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या.

म्हणजे बैठक लांब की छोटी, हा प्रश्नच नाही. उठताना हातात काय, हा आहे. आज विषय आधी कळत नाही, निर्णय पुढच्या मीटिंगवर जातो. अन् दाखल्यासाठी मजुरी पाडून आलेला माणूस रिकाम्या हातानं परततो. त्याचा दिवस कोणाच्या हिशेबात धरायचा?

मागणी साधी आहे. लोकांच्या भेटीच्या वेळेत मीटिंग नको. झालीच, तर काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे त्याच दिवशी फलकावर लावा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडूया. पटलं तर या!