चेलोची ‘विस्तारित’ तंत्रे आणि परधानांची किकरी

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, चार तारांचे, गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजविले जाणारे वाद्य. बाख यांनी १७२० च्या सुमारास त्याच्या एकल वादनासाठी सहा रचना केल्या. या वाद्याकडून दीर्घकाळ अपेक्षा राहिली ती स्वच्छ, गोलाईदार स्वराची. विसाव्या शतकात मात्र ज्याला शिक्षक दोष म्हणत, तोच नाद संगीतकार हेतुतः मागू लागले. गज घोडीला अगदी लगटून ओढला की मूळ स्वर क्षीण होऊन काचेसारखे तीक्ष्ण उपस्वर उमटतात. पट्टीवर सरकवला तर स्वर पोकळ, बासरीसारखा होतो. गजाच्या काठीने तारेवर आघात करणे, डाव्या हातानेच तार छेडणे, गज दाबून खरखर काढणे, हे सारे ‘विस्तारित वादनतंत्रा’त मोडते.

हंगेरीचे कोडाय यांनी १९१५ च्या सोनाटात खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवायला लावल्या. झेनाकिस यांची ‘नोमोस आल्फा’ १९६६ ची. जर्मन संगीतकार लाखनमान यांची १९६९ ची ‘प्रेशन’ याही पुढे गेली. तिच्या लिपीत स्वरांपेक्षा हाताच्या हालचाली अधिक आहेत : गज कोठे ठेवायचा, किती दाबायचा. प्रथम ऐकताना वाद्य बिघडले असावे असेच वाटते, हे कबूल करायला हवे.

१९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखाला गजाचे वाद्य परके नाही. गोंडांचे वंशपरंपरागत भाट असलेले परधान तीन तारांच्या, कातडे मढविलेल्या किकरीच्या साथीने कुळांच्या व देवांच्या कथा गातात. प्रत्येक परधान घराणे ठराविक गोंड कुळांशी बांधलेले असे आणि गायनाचा मोबदला त्या कुळांकडून मिळे. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादेत या परंपरेचा अभ्यास केला. राजुऱ्याचा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. तेथील परधानांची घरची बोली मराठी, गायन मात्र गोंडीत, ही त्यांची नोंद मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

हायमेनडॉर्फ यांच्या १९४८ च्या ग्रंथामुळे त्या कथा कागदावर आल्या. किकरीचे वादन मात्र बापाच्या हातून मुलाच्या हाती जाणारे. ध्वनिमुद्रणात तिचा नाद टिकतो; गज कोठे ठेवला, किती दाबला, हे त्यावरून उलगडणे कठीण. ‘प्रेशन’ वाजविणाऱ्याला तेवढे छापील पानावर मिळते. किकरी शिकणाऱ्याला वाजविणाऱ्याशेजारीच बसावे लागते.