दोन पृथ्व्या आणि एक नकाशा

इ. स. १८०२ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासजवळ सेंट टॉमसच्या टेकडीपाशीं विल्यम लॅम्बटन यानें पोलादी सांखळीनें सुमारें साडेसात मैलांची पायारेषा मोजावयास आरंभ केला. त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत हिंदुस्थानची मोजणी उत्तरेकडे सरकली. १८२३ सालीं लॅम्बटन हिंगणघाट येथें वारला. त्याचें कार्य जॉर्ज एव्हरेस्टनें पुढें नेलें.

पृथ्वी ध्रुवांपाशीं किंचित् चपटी आहे. तिचा आकार ठरविल्यावांचून नकाशा काढतां येत नाहीं. १८३० सालीं एव्हरेस्टनें तिची विषुववृत्तीय त्रिज्या, मीटरांत सांगावयाची तर, सुमारें ६३,७७,२७६ ठरविली. मध्य हिंदुस्थानांतील कल्याणपूर हें मूळस्थान धरून या आकृतीवर देशाचे नकाशे तयार झाले. पुढें त्यांवर यार्डांत मोजलेल्या चौकटींचें जाळें आलें.

उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान सांगणारें यंत्र मात्र निराळी पृथ्वी मानतें. १९८४ च्या जागतिक मानकांत तीच त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर, म्हणजे सुमारें ८६१ मीटर अधिक आहे. शिवाय दोन्ही आकृतींचे मध्यबिंदूही एकमेकांपासून ८०० मीटरांहून दूर आहेत. यांत एव्हरेस्टचा दोष नाहीं. त्याला एक देश मोजावयाचा होता. उपग्रहाला साऱ्या पृथ्वीभोंवतीं फिरावयाचें असतें.

म्हणून संगणकाच्या आज्ञावलीला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम अक्षांश, रेखांश व उंची यांवरून पृथ्वीच्या केंद्रापासूनचीं तीन अंतरें काढावयाचीं. मग दोन केंद्रांतील फरक वजा करून एव्हरेस्टच्या आकृतीवरील अक्षांश-रेखांश मिळवावयाचे. अखेर ते सपाट कागदावर उतरवून पूर्व व उत्तर असे दोन आंकडे द्यावयाचे. केवळ शेवटची पायरी घेतली तरी उत्तर येतेंच, आणि तें खरेंही दिसतें. परंतु कल्याणपुराच्या परिसरांत बिंदु शंभर मीटरांहून अधिक सरकलेला असतो. एवढ्या अंतरांत ओढ्याचा कांठ बदलतो, गांवाची शीव बदलते.

त्यांत आणखी एक मेख आहे. एव्हरेस्टचें माप फुटांचें. त्याचे मीटर करतांना निरनिराळ्या काळीं निरनिराळें गुणोत्तर घेतलें गेलें. त्यामुळें त्याच आकृतीची त्रिज्या आज्ञावलींत कोठें ६३,७७,२७६, कोठें ६३,७७,२९९, तर कोठें ६३,७७,३०१ मीटर आढळते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें सर्वांसाठीं खुल्या असलेल्या नकाशांना जागतिक मानक दिलें. तरीही जुने नकाशे कपाटांत जपलेले आहेत. त्यांतील आंकडा वाचण्यापूर्वीं तो कोणत्या पृथ्वीवर मोजला, हें प्रथम विचारलें पाहिजे.