रजिस्टरातून सुटलेले पाय

आमच्या धंद्यात 'क्लोज्ड' हा फार सुखाचा शब्द. तिकीट क्लोज्ड झालं की मॅनेजर खूश, क्लायंट खूश. कुष्ठरोगाच्या सरकारी कार्यक्रमाचा इतिहास वाचताना लक्षात आलं की पेशंटसुद्धा असा क्लोज्ड करता येतो.

सुरुवात मिरजेपासून करू. तिथे १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हा मिरज पटवर्धनांच्या संस्थानात होती. सांगली जिल्हा नव्हताच! तो १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून जन्मला आणि १९६० साली त्याचं नाव बदललं. (आम्हा सातारकरांना हे सांगायला भारी आवडतं.) असो. कुष्ठरोग्यांसाठीचं रिचर्डसन रुग्णालयही मिरजेचंच.

कुष्ठरोगात काम दोन प्रकारचं असतं. एक, जंतू मारणं. दुसरं, हातपाय वाचवणं. जंतू मेले तरी निकामी झालेली नस बहुधा परत येत नाही. पाय बधिर असतो. चपलेतला खिळा रुतला, उसाचं खोडकं घुसलं, कळतच नाही. मग जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. म्हणून मऊ एमसीआर रबराची चप्पल, मेणाचा शेक, बोटांचे व्यायाम, पाय रोज पाण्यात भिजवून तळवे तपासायची सवय. गोळ्या संपतात, हे संपत नाही.

आता पैशाची गोष्ट. सरकारी कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वारदेकरांनी 'सर्वेक्षण, शिक्षण, उपचार' ही पद्धत बसवली आणि पुढे संस्थांना त्याच धर्तीवर अनुदान मिळू लागलं. १९८३ पासून बहुविध औषधं आली. १९९३ नंतर जागतिक बँकेचं कर्ज आलं, आणि लक्ष्य एकच: दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. हा आकडा मोजतो काय? त्या दिवशी रजिस्टरवर उपचार घेत असलेली माणसं. समजा वर्षाला १०० नवे रुग्ण येतात. उपचार २४ महिन्यांचा असेल तर रजिस्टरवर २००. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा उपचार १२ महिन्यांवर आणला गेला. झाले १०० ! नवे रुग्ण तेवढेच. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही, औषध खरंच प्रभावी आहे. पण आकडा निम्मा होण्यात त्या कॅलेंडरचाही हात होता. डिसेंबर २००५ मध्ये देशाचा दर ०.९५ झाला आणि 'निर्मूलन' जाहीर झालं.

तोवर, कर्जाच्या दुसऱ्या टप्प्यात (२००१ ते २००४), कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली. यात चांगलं होतंच की! पाटणच्या डोंगरातल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट औषध मिळू लागलं, 'त्या' दवाखान्याची पायरी चढायची लाज टळली. पण घरोघरचं नियमित सर्वेक्षण थांबलं. नस हाताने चाचपून, तळव्याची संवेदना तपासून धोका ओळखणारे कर्मचारी इतर शंभर कामांत विरघळले. 'रोग संपला' म्हटल्यावर देणगीदारांचा हातही आखडला.

आणि धोका गोळ्या संपल्यावरही असतो. नसेला अचानक सूज येते. वेळेत स्टेरॉइड दिलं तर हात वाचतो, काही महिने गेले तर नाही. तोवर त्या माणसाचं नाव रजिस्टरातून निघालेलं असतं. तो कोणाचा पेशंट?

गंमत म्हणजे १९९५च्या अपंग कायद्याने 'कुष्ठरोगमुक्त' व्यक्तीला अपंगांत धरलं होतं. म्हणजे एका खात्याच्या लेखी माणूस बरा, दुसऱ्याच्या लेखी अपंग. २००७ साली अपंगत्व प्रतिबंधाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, वाकड्या बोटांच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बुडालेल्या मजुरीपोटी पैसेही मिळू लागले: आधी ५ हजार, मग ८, आणि २०२३ पासून १२ हजार. शस्त्रक्रियेला तारीख असते, बिल असतं, फोटो असतो. तळव्याची जखम धुऊन पट्टी बांधायचं काम मात्र दर आठवड्याचं, आणि ते बसवायला अशी एकरकमी चौकट सापडत नाही. २०२३ सालीही देशात एक लाखाहून जास्त नवे कुष्ठरुग्ण सापडले.