नोकरी सांभाळून शिकणारे धारवाड

धारवाडला विद्येचे माहेरघर म्हणण्याची प्रथा जुनी आहे. परंतु या माहेरी केवळ तरुण विद्यार्थीच आले असे नव्हे. दिवसा कचेरीत, शाळेत वा कारखान्यात राबून उरल्या वेळात शिकणाऱ्यांचाही येथे मोठा वर्ग होता. नोकरदारांसाठी विद्यापीठांनी काढलेले अल्पमुदतीचे, सवडीचे अभ्यासक्रम आज नवलाईने सांगितले जातात. त्यांची पूर्वपीठिका थोडक्यात मांडण्याचा आमचा मानस आहे.

या विचाराचा उगम दूरचा आहे. १८६७ साली केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट यांनी उत्तर इंग्लंडमधील स्त्रियांच्या मंडळांपुढे आणि क्रू येथील रेल्वे कामगारांपुढे व्याख्याने दिली. १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने हे कार्य अधिकृतपणे अंगीकारले. ज्यांना विद्यापीठापर्यंत येणे शक्य नाही, त्यांच्यापर्यंत विद्यापीठाने जावे, हे त्यामागचे सूत्र. मुंबई व पुणे विद्यापीठांनी तेच ‘बहिःशाल शिक्षण’ या नावाने व्याख्यानमालांतून रुजविले. हुबळीसारख्या रेल्वे कारखान्याच्या गावाला तर क्रूची गोष्ट परकी वाटू नये.

कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत सुरू झाले व १९५० मध्ये धारवाडला आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्याच्या सेवेतील येथील मराठी भाषिक नोकरदार नव्या राज्यात आले. १९६३ चा राजभाषा कायदा आणि १९७४ चे सेवा व कन्नड भाषा परीक्षांचे नियम यांनी कन्नडच्या ज्ञानाला सरकारी नोकरीत निश्चित स्थान दिले. आमच्या पिढीतील कित्येकांनी कचेरी सुटल्यावर कन्नडचे धडे गिरविले. त्याला कोणी ‘निरंतर शिक्षण’ म्हटले नाही. पण ते तेच होते.

धारवाडचे ‘वाल्मी’, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, हे दुसरे उदाहरण. सिंचन खात्यातील अभियंते व शेतकरी यांना पाण्याचा वापर शिकविण्यासाठी ती उभारली गेली. पुढे २०१६ मध्ये धारवाडची आय.आय.टी. प्रथम याच आवारात सुरू झाली, हा योगायोग बोलका आहे.

तिसरे उदाहरण दुकानदारांचे. बियाणे, खते व औषधे विकणाऱ्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ साली एक वर्षाची पदविका सुरू केली. तिच्यात ४० दिवस वर्ग व ८ दिवस क्षेत्रभेटी, आणि तेही आठवड्यातून एकदा, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी. दुकान बंद न ठेवता शिकता येते. शेतकरी सल्ला विचारतो तो बहुधा दुकानदारालाच, हे ओळखून केलेली ही योजना आहे.

मात्र सोय म्हणजे सर्वस्व नव्हे. म्हैसूर विद्यापीठाने १९६९ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. त्यातूनच १९९६ मध्ये राज्य मुक्त विद्यापीठ जन्मले. २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१२-१३ नंतर त्या विद्यापीठास मान्यता नसल्याचे जाहीर केले. मान्यता पुन्हा मिळाली ती २०१८ मध्ये. मधल्या काळात शिकलेल्यांनी अभ्यास केला होता, शुल्क भरले होते. तरी पदवीच्या मोलाची चिंता त्यांच्याच माथी आली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याजवळ वाया घालविण्यास वर्षे नसतात, म्हणून हा घाव त्याला अधिक लागतो.

२०२१ मध्ये श्रेयांक साठविण्याची राष्ट्रीय पेढी निघाली, २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा मिळाली. तुकड्यातुकड्याने शिकण्यास आता कायद्याचा आधार आहे. तरीही आपल्या मुलासुनांनी शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्ही सुचवितो : वर्ग कामाच्या वेळेशी जुळतो काय, मान्यता या वर्षाची आहे काय, आणि शिकविण्याची भाषा आपल्याला खरोखर समजते काय. तिसरा प्रश्न आपल्या कुटुंबांना विशेष लागू आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशी आपली रीत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकविते, पण येथील नोकरीत कन्नडवाचून निभाव नाही. आपल्या वाडवडिलांनी दोन्ही भाषा राखल्या, त्या पोटासाठी शिकतानाच. ती शिदोरी पुढील पिढीच्या हाती सोपविणे, हे कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच अगत्याचे आहे.