सब्रिना कायदा : शाळेतील तीव्र ॲलर्जीवर उपाय

अन्नपदार्थ, कीटकदंश किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यास काही मिनिटांतच श्वास घेणे कठीण होऊ शकते, रक्तदाब झपाट्याने घसरतो. या अवस्थेस ‘ॲनाफायलॅक्सिस’ म्हणतात. मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत तातडीने दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा तिच्यावरील पहिला उपचार होय. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २००३ मध्ये सब्रिना शॅनन ही १३ वर्षांची विद्यार्थिनी शाळेच्या उपाहारगृहातील बटाट्याचे तळलेले काप खाल्ल्यानंतर दगावली. तिला दुग्धजन्य पदार्थांची ॲलर्जी होती. या घटनेनंतर प्रांतिक विधिमंडळाने संमत केलेला ‘सब्रिना कायदा’ १ जानेवारी २००६ पासून अमलात आला.

या कायद्यानुसार प्रत्येक शाळा मंडळाने ॲलर्जीकारक पदार्थांचा संपर्क कमी करण्याचे धोरण आखणे आणि कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. धोका असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मुख्याध्यापकांनी स्वतंत्र योजना तयार करावयाची असते; आवश्यक माहिती पुरविण्याची जबाबदारी पालकांवर असते.

विद्यार्थ्यास ॲनाफायलॅक्सिस झाल्याचे सकारण वाटल्यास पूर्वसंमती नसली तरी शाळेचा कर्मचारी इंजेक्शन देऊ शकतो. गंभीर हलगर्जीपणा नसेल, तर सद्हेतूने केलेल्या या कृतीबद्दल त्याच्यावर भरपाईचा दावा चालत नाही. ऐनवेळी शिक्षकाने कचरू नये, हे या तरतुदीचे मर्म आहे.

इंजेक्शननंतर आराम पडला तरी लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात. म्हणून रुग्णालयात नेणे आवश्यकच असते.